शौर्य गाजवलंत, पुरावा कुठाय?

गोळ्या अंगावर झेलणाऱ्या माणसाला पदकासाठी ५७ वर्षं थांबावं लागतं. कारण? त्याची फाईल सापडत नव्हती.

अप्रेझलचा सीझन आला की आपल्या सगळ्यांच्या ऑफिसात एकच रडारड सुरू होते. वर्षभर मान मोडून काम केलं, क्लायंटच्या शिव्या खाल्ल्या, कित्येक रविवार लॅपटॉपपुढे घालवले. आणि फॉर्म भरायला बसलं की एचआरची मॅडम गोड हसून विचारते, 'याचं काही डॉक्युमेंटेशन आहे का?' ज्या बॉसने तोंडभरून शाबासकी दिली होती, तो एव्हाना दुसऱ्या कंपनीत. ज्या मेलमध्ये कौतुक होतं, ती मेल कुठल्या फोल्डरमध्ये गेली देव जाणे! आपण चरफडतो, कॅन्टीनमध्ये जाऊन मित्रांपुढे भडास काढतो आणि कामाला लागतो.

आता कल्पना करा, की प्रश्न इन्क्रीमेंटचा नाहीये. प्रश्न आहे भर लढाईत वाचवलेल्या माणसांचा आणि स्वतःच्या अंगावर झालेल्या जखमांचा. आणि तिथेही समोरचा तेच विचारतोय, 'डॉक्युमेंटेशन आहे का?'

ही गोष्ट पॅरिस डेव्हिस यांची. नाव पॅरिस असलं तरी माणूस पक्का अमेरिकन, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडचा. गेले काही आठवडे मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचतेय आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडखळतेय. इतकं सगळं घडूनही कागद हरवतो कसा? आणि तोही दोनदा!

बाँग सॉन, जून १९६५

डेव्हिस तेव्हा २६ वर्षांचे होते. म्हणजे आपल्यातले बरेचजण ज्या वयात पहिला फ्लॅट भाड्याने घेतात, त्या वयाचे. अमेरिकेच्या 'स्पेशल फोर्सेस'मध्ये कॅप्टन. त्या दलात कृष्णवर्णीय अधिकारी असणं हीच तेव्हा नवलाची गोष्ट होती. दक्षिण व्हिएतनाममधल्या बिन्ह दिन्ह प्रांतात बाँग सॉन इथे त्यांची छावणी होती. सोबत मोजके अमेरिकन सैनिक आणि फारसं प्रशिक्षण न झालेल्या स्थानिक व्हिएतनामी जवानांची एक कंपनी.

१७ जूनच्या रात्री ही मंडळी शत्रूच्या मोठ्या तळावर छापा घालायला निघाली. छापा यशस्वी झाला. पण मग संख्येने कितीतरी जास्त असलेल्या शत्रूने उलटा हल्ला चढवला आणि डेव्हिस यांची माणसं भाताच्या शेतात अडकली. मास्टर सार्जंट बिली वॉ यांच्या पायात गोळ्या घुसलेल्या, त्यांना हलता येईना. मेडिक रॉबर्ट ब्राउन यांच्या डोक्याला गोळी लागलेली. तिसरे सहकारी डेव्हिड मॉर्गन स्फोटाने बधिर होऊन पडलेले.

डेव्हिस स्वतः जखमी होते. ग्रेनेडने हाताची अशी अवस्था झाली होती की नेहमीच्या बोटाने रायफलचा घोडा ओढता येईना. मग ते करंगळीने गोळ्या झाडत राहिले. उघड्या शेतातून, गोळ्यांच्या वर्षावात, ते एकेकाला ओढत सुरक्षित जागी आणत गेले. वरिष्ठांनी निघून यायला सांगितलं, तर साफ नकार. माझा माणूस अजून तिकडे पडलाय, मी येत नाही. त्यांच्यासोबतचे सगळे अमेरिकन सैनिक त्या लढाईतून जिवंत परतले. डोक्यात गोळी लागलेले ब्राउनसुद्धा!

त्यांच्या वरिष्ठांनी लगेच अमेरिकेतल्या सर्वोच्च लष्करी सन्मानासाठी, म्हणजे 'मेडल ऑफ ऑनर'साठी त्यांची शिफारस केली. आपल्याकडच्या परमवीर चक्राच्या तोडीचा हा सन्मान. इथवर सगळं सिनेमासारखं.

फाईल गेली कुठे?

शिफारस वर गेली आणि गायब झाली. डेव्हिस यांना 'सिल्व्हर स्टार' मिळाला, जो मोठाच सन्मान आहे, पण ज्यासाठी शिफारस झाली होती तो नव्हे. १९६९ मध्ये लष्कराने या प्रकरणात लक्ष घातलं, तेव्हा कळलं की मूळ फाईलच नाही. पुन्हा शिफारस पाठवा, असं सांगण्यात आलं. ती दुसरी फाईलही कुठे गेली याचा पत्ता नाही.

एकदा हरवली तर निष्काळजीपणा म्हणू. दोनदा? डेव्हिस यांच्या मित्रांचं म्हणणं स्पष्ट होतं. ज्याचा कागद होता तो माणूस काळा होता. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळे सिद्ध करता येत नाही. पण एक जुना हिशेब समोर ठेवा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लाखो कृष्णवर्णीयांनी गणवेश घातला. युद्ध संपलं तेव्हा त्यांच्यातल्या एकालाही मेडल ऑफ ऑनर मिळालेलं नव्हतं. एकालाही नाही! १९९३ मध्ये लष्करानेच शॉ विद्यापीठाकडून याचा अभ्यास करवून घेतला. त्यानंतर १३ जानेवारी १९९७ ला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सातजणांना ते पदक दिलं. तोवर त्या सातांतले फक्त एक, व्हर्नन बेकर, हयात होते. बाकी सहा पदकं मरणोत्तर दिली गेली.

ज्यांची पदकं उशिरा येतात, त्यांच्यापुढचा खरा शत्रू कॅलेंडर असतो.

मित्र असावेत तर असे

डेव्हिस यांनी पुढे काय केलं? ते रडत बसले नाहीत. कर्नल झाले, १९८५ मध्ये निवृत्त झाले आणि व्हर्जिनियात 'मेट्रो हेरल्ड' नावाचं छोटं वृत्तपत्र जवळपास तीस वर्षं चालवलं. लोकांच्या नागरी हक्कांचे प्रश्न मांडणारा हा संपादक स्वतःच्या पदकाचा विषय फारसा काढत नसे.

विषय काढत राहिले ते त्यांचे मित्र. ज्या वॉ यांना त्यांनी शेतातून ओढून आणलं होतं, त्यांनी १९८१ मध्ये त्या दिवसाचा लेखी जबाब दिला. हे वॉ म्हणजे अजब रसायन! पुढे सीआयएसाठी जगभर फिरले आणि सत्तरी ओलांडल्यावर अफगाणिस्तानातही जाऊन आले. पण त्या शेतातला दिवस ते विसरले नाहीत. नंतर जुने सहकारी आणि काही स्वयंसेवक एकत्र आले. त्यांनी जुने जबाब, रिपोर्ट, शिफारशीचे तुकडे असं सगळं गोळा केलं आणि हरवलेली फाईल जवळजवळ शून्यातून पुन्हा उभी केली. कंटाळा न करता पुन्हा पुन्हा पाठवली.

जानेवारी २०२१ मध्ये संरक्षण खात्याने या प्रकरणाचा तातडीने फेरविचार करायचा आदेश दिला. तरी दोन वर्षं गेलीच. फेब्रुवारी २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांचा फोन आला आणि ३ मार्च २०२३ ला व्हाइट हाउसमध्ये डेव्हिस यांच्या गळ्यात ते पदक पडलं. वय वर्षं ८३. त्यानंतर महिनाभराने, ४ एप्रिलला, बिली वॉ गेले. वयाच्या ९३ व्या वर्षी. आणखी थोडी दिरंगाई झाली असती तर आपल्या जबाबाचं चीज झालेलं बघायला ते नसते.

जखम झाली, पण नोंद झाली का?

मेडल ऑफ ऑनर हा झाला शौर्याचा मान. तो कुणीतरी शिफारस करून द्यायचा असतो. जखमेचं पदक वेगळं. अमेरिकेत त्याला 'पर्पल हार्ट' म्हणतात. १७८२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सुरू केलेल्या सन्मानाचा हा वारसा, १९३२ मध्ये नव्याने सुरू झालेला. याला शिफारस लागत नाही. शत्रूमुळे जखम झाली, डॉक्टरी उपचार घ्यावे लागले आणि त्याची नोंद झाली, की ते तुमच्या हक्काचं.

सोपं वाटतं ना? गोची त्या 'नोंद' शब्दात आहे.

लढाई चालू असताना मांडीत छर्रा घुसला, शेजारच्याने पट्टी बांधली आणि गडी पुन्हा मोर्चावर उभा राहिला. कुठला डॉक्टर आणि कुठलं रजिस्टर? जो जखमी होऊन हॉस्पिटलात गेला त्याचा कागद तयार झाला. जो सोबत्यांना सोडून जायचं नाही म्हणून तिथेच थांबला, त्याचा झाला नाही. म्हणजे जितकी जास्त हिंमत, तितका कमी पुरावा! आपल्या ऑफिसातलंही असंच नाही का? रात्री दोन वाजता सर्व्हर सावरणारा गुपचूप घरी जाऊन झोपतो आणि सकाळी सगळ्यांना सीसी करून मेल टाकणारा भलताच कुणीतरी असतो.

त्यात नशीबही आडवं येतं. १२ जुलै १९७३ ला सेंट लुइस इथल्या अमेरिकन लष्करी अभिलेखागाराला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली जळून गेल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली! त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती. दोन्ही महायुद्धं आणि कोरियाचं युद्ध लढलेल्या कितीतरी आजोबांची सगळी नोकरी एका आगीत पुसली गेली. तेव्हापासून तिथले लोक तुकड्यांचे रोजचे हजेरीचे रिपोर्ट, पगाराच्या नोंदी असं काय काय जोडून माणसांचा इतिहास पुन्हा रचताहेत.

उशिरा जागं झालेल्यांसाठी तिकडे एक खिडकीही आहे. लष्कराच्या नोंदी दुरुस्त करणारं नागरिकांचं मंडळ. चूक कळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करा, असा नियम. पण न्यायासाठी गरज असेल तर हे मंडळ मुदत बाजूला ठेवू शकतं. कागद नसेल तर ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्या सोबत्याचा जबाब कामी येतो. अट एकच, तो सोबती हयात हवा आणि सापडायला हवा.

आपला चंदू चॅम्पियन

हे सगळं तिकडच्या गोऱ्या साहेबांच्या देशात, असं म्हणून पान उलटू नका. जून २०२४ मध्ये कार्तिक आर्यनचा 'चंदू चॅम्पियन' आला तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी थिएटरात डोळे पुसले. त्या सिनेमामागचा खरा माणूस म्हणजे मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचा पोरगा, लष्कराच्या ईएमई दलातला जवान आणि बॉक्सर. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि शरीराचा कमरेखालचा भाग निकामी झाला. डेव्हिस जखमी झाले त्याच वर्षी!

पेटकर पाण्यात उतरले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार केली. सुवर्णपदक आणि विश्वविक्रम. पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं पदक. पुढे पुण्यात त्यांनी टेल्कोमध्ये नोकरी केली. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. २०१८ मध्ये पद्मश्री आली. आणि १७ जानेवारी २०२५ ला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. मागणी केल्यापासून ४२ वर्षांनी!

मान्य आहे, हे लष्करी पदक नव्हे, खेळाचा पुरस्कार आहे. आणि त्यांचं सुवर्ण काही हरवलेलं नव्हतं, सगळ्या जगाने पाहिलेलं होतं. तरीही इतकी वर्षं लागली. मग ज्याची जखम फक्त दोघा-तिघांनीच पाहिली, त्याचं काय?

'साक्षीदार किती उरले होते?'

आमच्या सोसायटीत एक फौजी काका आहेत. मूळचे सातारा जिल्ह्यातले, १९७१ ला पश्चिम आघाडीवर होते. हवालदार म्हणून निवृत्त झाले. नाव आणि पलटण छापायची नाही, ही त्यांची अट. त्यांच्याकडे 'पश्चिमी स्टार' आहे, 'संग्राम पदक' आहे. म्हणजे ते त्या युद्धात होते हे सरकारी दप्तरात पक्कं आहे. मांडीत घुसलेल्या छर्ऱ्याची मात्र कुठेच नोंद नाही. लढाईत जखमी होणाऱ्यांसाठी आपल्याकडेही वेगळं 'पराक्रम पदक' आहे. ते काकांना मिळालेलं नाही.

मी त्यांना डेव्हिस यांची सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं, करंगळीने गोळ्या झाडल्याचं ऐकून ते खूश होतील. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "साक्षीदार किती उरले होते?"

मी म्हटलं, "काका, तुम्हाला तेव्हा दवाखान्यात का नाही हलवलं?"

"हलवत होते की. मीच न्हाई गेलो. आमचे चारजण आधीच पडलेले, अजून एक कमी झाला असता तर पोस्ट कुणी धरायची? नर्सिंगवाल्या पोराने पट्टी बांधली, दोन घोट चहा पाजला. झालं."

"मग आता इतक्या वर्षांनी हे पदक कशाला हवंय?"

काका हसले. "अगं पोरी, मला कुणाला दाखवायचंय आता? पण माझा नातू विचारतो, आजोबा, तुमच्या पायाला काय झालं? मी सांगतो. उद्या मी नसलो की ती नुसती आजोबाची गोष्ट होईल. कागदावर असली म्हंजे ती खरी."

काकांनी अर्ज केला होता. पुरावे जोडा, असं उत्तर आलं. यात तसं कुणाचं चुकत नाही. कुणीही उठून जखम दाखवेल तर खऱ्याच्या पदकाला किंमत काय राहील? पडताळणी हवीच. पण ज्या कागदाची मागणी होते तो बनलाच नव्हता, आणि तो न बनण्याचं कारण हे, की माणूस आपल्या जागेवरून हलला नाही.

पट्टी बांधणारा पोरगा आता कुठे आहे, काकांना माहीत नाही. शेजारच्या खंदकात असलेले एक सोबती मात्र फलटणला आहेत, पंचाहत्तरी ओलांडलेले. काकांच्या सूनबाईंनी फोन नंबर शोधून काढला. मागच्या महिन्यात मुलगा काकांना गाडीत घालून तिकडे घेऊन गेला. दोघे म्हातारे दुपारभर बोलत बसले. येताना त्या सोबत्याचा सहीनिशी जबाब सोबत होता. तारीख, जागा, कुठल्या पायाला लागलं, कुणी पट्टी बांधली, सगळं त्यात आहे. अर्ज पुन्हा गेलाय. उत्तर यायचंय.

काका म्हणतात, "आलं तर आलं. पण त्याला सगळं आठवत होतं बघ! चहासुद्धा."

चौकट : घरात कुणी फौजी असेल तर...

• आजोबांची, काकांची डिस्चार्ज बुक शोधा. ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, विम्याच्या कागदांत, कुठेही असेल. तिच्यावर सर्व्हिस नंबर, युनिट आणि तारखा असतात. आजच स्कॅन करून ठेवा.

• जखम कधी, कुठे, कशी झाली, उपचार कुणी केले आणि तिथे कोण कोण होतं, हे त्यांच्याच तोंडून मोबाइलवर रेकॉर्ड करा. नावं आणि गावं नीट विचारून घ्या.

• सोबती हयात असतील तर त्यांना आधी भेटा. अर्ज दोन महिन्यांनी केला तरी चालेल. लेखी जबाब घ्या, त्यावर तारीख आणि सही असू द्या.

• जवानांच्या नोंदी ज्या-त्या रेजिमेंटच्या किंवा दलाच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, ईएमईचं सिकंदराबादला. पत्रात सर्व्हिस नंबर टाकायला विसरू नका.

• आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. माजी सैनिकांना अर्ज-विनंत्यांत मदत करणं हे त्यांचं कामच आहे. आजोबांना रांगेत उभं करण्यापेक्षा एक शनिवार मॉलला दांडी मारून त्यांचे कागद तुम्हीच लावून ठेवा.